चिखलाची पट्टी

“आजही काही नाही,” ताई म्हणाल्या आणि हातातली बादली त्यांनी जरा जोरातच खाली ठेवली.

कालव्याच्या काठावर चिखलाची एक पट्टी होती. दाराच्या फळीएवढी रुंद आणि तिच्याहून बरीच लांब. आदल्या संध्याकाळी ताईंनीच ती केली होती. काठचा गाळ चाळून पसरायचा, पाणी शिंपडायचं, थापीने गुळगुळीत करायचं, थापी पुलाच्या दगडाखाली सरकवायची आणि घरी जायचं. रात्रीतून जे कोणी पाण्यावर येईल, बगळा, पाणकोंबडी, एखादं मांजर, ते त्या पट्टीवरून जाणार आणि आपलं पाऊल मागे ठेवणार. सकाळी ताई येऊन त्या पावलात प्लास्टर ओतणार. हिवाळा सुरू झाल्यापासून असं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. पण आता कितीतरी सकाळी झाल्या, पट्टी कोरीच्या कोरी. नुसती कोरी नाही, चापूनचोपून बसवल्यासारखी.

“थंडीनं जनावरंही घरात बसली असतील,” त्यांचे यजमान मागून म्हणाले. ते वाटेवरच उभे होते, चहाचा थर्मास काखेत धरून.

“जनावरांना कुठलं आलंय घर?”

“मग पाणी प्यायचं सोडलं असेल त्यांनी. तू घाबरवलंस. रोज बादली घेऊन येतेस, त्यांना वाटतं ही बाई काहीतरी विकायला आली.”

ताईंना हसू आलं नाही. एरवी आलं असतं. त्या उकिडव्या बसून पट्टीकडे बघत राहिल्या. काहीतरी खटकत होतं. थापीचे फटके त्या नेहमी कमानीसारखे मारत, गोल गोल. आज ते फटके सरळ दिसत होते, आगगाडीच्या रुळांसारखे. पण बोटं थंडीने आखडली होती, काल अंधारून आलं होतं, घाईत मारले असतील सरळ. त्यांनी तो विचार झटकला आणि त्या उठल्या.

“चला.”

“तू हो पुढे. मी बघत बघत येतो.”

गेले काही दिवस ते असंच म्हणत. आधी तेच पुढे असायचे.

ताई म्हणजे हॉस्पिटलातल्या प्लास्टरताई. सगळी नोकरी त्यांनी हाडांच्या विभागातल्या प्लास्टरच्या खोलीत काढली. कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय, डॉक्टर जुळवून द्यायचे आणि ताई ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या. गावातल्या निम्म्या लोकांची कोपरं आणि घोटे त्यांच्या हाताखालून गेले होते. बाजारात लोक त्यांना आधी पाय दाखवत, मग नमस्कार करत. निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता ताई आराम करतील. पण ताईंच्या हातांना आराम कधी मानवला नाही. त्यांनी घरामागची धुण्याची खोली मोकळी केली, टेबल लावलं, प्लास्टरची पोती आणली आणि तिला त्या कार्यशाळा म्हणू लागल्या. यजमान तिला दवाखाना म्हणत.

त्या खोलीत पूर्ण झालेलं असं थोडंच होतं. कोबीच्या पानांवर ओतलेले वाडगे होते, त्यांना बूड नव्हतं. झाडांच्या सालींचे ठसे एका भिंतीला टेकून उभे होते, त्यांचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या जुन्या सहकाऱ्यांचे हात होते, मनगटापर्यंत, एका फळीवर ओळीने, जणू सगळे मिळून काहीतरी मागत आहेत. यजमानांचा चेहराही होता, पण एकाच कानाचा, कारण दुसऱ्या कानापाशी येईपर्यंत त्यांना शिंक आली. एक सुरू केलं की ताईंना दुसरं दिसायचं, दुसरं हातात घेतलं की तिसरं. मुलगी फोनवर विचारायची, “आई, सध्या काय करतेस?” आणि ताई सांगायला लागल्या की मध्येच म्हणायची, “आणि ते मागचं?”

पण या हिवाळ्यातलं काम त्या पूर्ण करणार होत्या. प्लास्टरच्या खोलीत त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी निरोप पाठवला होता. खोलीत मुलांच्या खाटेशेजारची भिंत कोरी आहे, प्लास्टर वाळेपर्यंत पोरं त्या भिंतीकडे बघत रडतात, तिथे काही करता येईल का. ताईंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी फिरायला गेल्या तेव्हा कालव्याच्या गाळात बगळ्याची पावलं दिसली, एका रेषेत, जणू कोणी फुली फुली काढत गेलंय. बस, ठरलं. थंडीतल्या एका सकाळची वाट करायची. भिंतीवर पाऊलवाटच, फरशांची, खाटेच्या उशापासून पायथ्यापर्यंत. पडल्या पडल्या पोराने बोट घालावं आणि ओळखावं, इथून कोण गेलं.

ओतलेलं प्लास्टर उचललं की पाऊल उलटं येतं, वर उठलेलं. त्याला साबणाचं पाणी लावायचं आणि त्यावर पुन्हा ओतायचं, म्हणजे खोलगट पाऊल मिळतं, चिखलात होतं तसं. थंडीत प्लास्टर लवकर धरत नाही, म्हणून ताई एका थर्मासात कोमट पाणी नेत. दुसरा थर्मास चहाचा. एकदा धुक्यात अदलाबदल झाली आणि एक बगळा चहात कालवला गेला. तो धरला मात्र छान. तपकिरी, जरा गोडसर वासाचा. यजमानांनी तेवढ्यात पाण्याचा घोट घेऊन म्हटलं होतं, “आज चहा पातळ केलास.” ती फरशी ताईंनी टाकली नाही.

आता सगळं झालं होतं. राहिलं होतं ते पाणमांजर. कठड्यापाशी गळ टाकून बसणाऱ्या गळवाल्याने सांगितलं होतं की, पाणमांजर इथूनच वर चढतं, त्याने डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं पाऊल म्हणजे पाच बोटं आणि बोटांमध्ये पडदा. त्या एका पावलासाठी शेवटची फरशी रिकामी ठेवली होती. आणि नेमकी तेव्हापासूनच पट्टी कोरी राहू लागली. थंडी संपली की काठ वाळणार, मग कसली पावलं.

ताईंच्या डोक्यात संशय शिरला आणि तो गळवाल्याजवळ येऊन थांबला. तोच एक माणूस त्यांच्याआधी तिथे असायचा. एका सकाळी त्या सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि पट्टीला हात लावतोस का म्हणून विचारलं.

“ताई, मी मासे पकडतो,” तो गळावरून नजर न काढता म्हणाला. “पावलं नाही पकडत.”

“मग पुसतं कोण?”

“पुसतंय कोणी, हे तुम्हीच म्हणताय.”

“तू एवढ्या लवकर येतोस. तुला दिसत नाही?”

यावर त्याने उगाच दोरी गुंडाळली, पुन्हा सोडली, पाण्याबद्दल काहीतरी पुटपुटला. कुठेतरी पाणी मुरतंय हे ताईंना कळलं. कुठे ते कळलं नाही. परत वळल्या तर यजमान लांब उभे, थर्मास उजव्या हातात, आणि गळवाल्याकडे बघून मान हलवत होते. ताईंना वाटलं, नमस्कार केला.

यजमानांना गावात सगळे रेघवाले म्हणत. रस्त्यावर पांढऱ्या रेषा मारण्याचं त्यांचं काम. रंगाचं यंत्र ढकलत मागे चालायचं आणि रेघ सरळ आणायची. दोरी सगळेच लावतात, पण ते म्हणत, दोरी वाऱ्याने हलते, पाऊल हलता कामा नये. लग्न ठरलं तेव्हा ताईंच्या वडिलांनी मुलाची चौकशी केली, तर उत्तर मिळालं होतं, गावाबाहेर जाऊन रस्ता बघून या. त्यांची चाल तशीच होती. कुठेही निघाले की वाटायचं, यांच्या मागे आता रेघ उमटणार.

रोज सकाळी ताई उठायच्या आधी ते पाव आणायला जात. आले की चहा, आणि मग दोघं फिरायला. पुढे एके दिवशी ते परतले तेव्हा गुडघा चिखलाने माखलेला होता आणि पाव एका बाजूने चेपलेला.

“बेकरीपाशी घसरलो. तिथे कोणीतरी पाणी सांडून ठेवतं.”

ताईंनी गुडघा बघायला हात पुढे केला, तसा त्यांनी पाय मागे घेतला. म्हणाले, काही झालेलं नाही, आज जरा सर्दी वाटते, तू एकटीच जाऊन ये. ताई कुरकुरल्या, पण गेल्या. पाणमांजर वाट बघणार नव्हतं.

आणि पट्टीवर पावलं होती.

माणसाची. बुटांची. पट्टीचा बराचसा भाग थापीने सारवलेला, आणि टोकाशी सारवायची राहिलेली तीन-चार पावलं. त्यापुढे गवतात काहीतरी जड आपटल्यासारखी जागा. थापी दगडाखाली नव्हती, चिखलात पालथी पडली होती. ताईंच्या डोक्यात राख गेली. म्हणजे खरंच कोणीतरी होतं. रोज रात्रीतून जनावरं येऊन जात होती आणि हा कोणी दांडगा त्यांच्यावरून चालून वर सारवून ठेवत होता. गळवाला नेमका आज नव्हता. त्यांनी ठरवलं, पुरावाच न्यायचा. पाणी ओतलं, प्लास्टर कालवलं आणि डाव्या पावलात सोडलं. ते धरेपर्यंत त्या काठावरून येरझाऱ्या घालत राहिल्या. गळवाल्याच्या रबरी बुटांशी ताडून बघायचं, आणि मग बघायचं तो काय बोलतो ते.

घरी आल्यावर त्या मागच्या दाराने थेट कार्यशाळेत गेल्या. ठसा नळाखाली धरला आणि ब्रशने चिखल काढू लागल्या. आधी टाच मोकळी झाली. टाचेच्या बाहेरच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक पत्र्याची नाल. रबरी बुटांना नाल नसते. ही नाल चांभाराकडून त्यांनीच मारून घेतली होती, कारण यजमानांची टाच बाहेरून झिजायची.

ताई ब्रश फिरवत राहिल्या. हाताला सवय होती म्हणून हात चालला. मग चवडा मोकळा झाला आणि चवड्याच्या पुढे, पाऊल संपायला हवं तिथे, ते संपत नव्हतं. बोटांच्या टोकापासून एक लांब ओरखडा निघाला होता. पाऊल उचललं गेलं नव्हतं. ओढलं गेलं होतं.

असली पावलं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. हॉस्पिटलच्या ओल्या फरशीवर, लांबलचक व्हरांड्यात. हाड मोडलेला माणूस पाय उचलतो आणि दुखतं म्हणून अलगद ठेवतो. हा पाय दुखत नव्हता. याला वरून निरोपच पोहोचत नव्हता.

त्या पोत्यावर बसल्या. मग एकेक गोष्ट आपोआप येऊन शेजारी बसू लागली. थर्मास आता नेहमी उजव्या काखेत. सदऱ्याची बटणं लावायला लागणारा वेळ. तू हो पुढे. पट्टीवरचे सरळ फटके. गोल मारता येत नाहीत ते फटके, आयुष्यभर सरळच हात चालवलेल्या माणसाला. पण ते पट्टीवर का चालत असतील, हे त्यांना कळेना. आणि मग कळलं. गावात सगळीकडे डांबर आणि फरशी. आपलं पाऊल आपल्याला दिसेल अशी जागा एकच होती, आणि ती ताईंनी रोज संध्याकाळी गुळगुळीत करून ठेवली होती. ते रोज सकाळी येऊन त्यावर चालून बघत होते, आज तरी डावा सरळ पडतो का. आणि मग बायकोला दिसू नये म्हणून सारवून टाकत होते. पाणमांजरासकट.

त्या दिवशी ताईंनी घर डोक्यावर घेतलं. कोबीच्या वाडग्यांना बुडं लावायला घेतली, अर्ध्यात सोडली. सालींचे ठसे एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेले. कपाट उपसलं. यजमान खुर्चीत बसून बघत होते, सर्दी झालेल्या माणसासारखं अधूनमधून खाकरत होते. दुपारी मुलीचा फोन आला. ताई तिच्याशी हवापाण्याचं बोलल्या. ओठावर आलेलं त्यांनी दोनदा गिळलं.

बोलायचं तर काय अवघड होतं? हात धरायचा आणि हॉस्पिटलात न्यायचं. एवढं तर त्यांनी रस्त्यावर पडलेल्या परक्या माणसांसाठीही केलं होतं. पण खूप वर्षांपूर्वी यजमान रंगाच्या गाडीवरून पडले, मनगट मोडलं, आणि ताईंनीच प्लास्टर घातलं. घरी आल्यावर त्या त्यांना उठता-बसता सांगू लागल्या, हात असा धरा, तसा धरू नका. चार दिवस ते ऐकत राहिले. पाचव्या दिवशी जेवता जेवता शांतपणे म्हणाले, “त्या खोलीत मी तुझा पेशंट. उंबऱ्याच्या आत नाही.” त्यानंतर ताईंनी कधी त्यांना हात असा धरा म्हटलं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. प्लास्टर काढल्यावर पहिल्यांदा चालायचं असलं की माणसं कोणी बघत असताना चालत नाहीत. ताई पडदा ओढायच्या आणि म्हणायच्या, मी पाणी घेऊन येते. मुद्दाम उशीर करायच्या.

संध्याकाळी त्या बादली घेऊन कालव्यावर गेल्या. या वेळी पट्टी नेहमीच्या जागी केली नाही. कालव्याच्या फाटकापाशी, गळवाला बसायचा तिथे, पाण्याच्या कडेने लोखंडी कठडा होता, त्याला लागून केली. लांब केली, कठडा संपेपर्यंत. गाळ पुरेना म्हणून पुन्हा पुन्हा आणला. पाठ मोडून गेली. गळवाला आवराआवर करत होता. तो काही न विचारता उठला आणि दोन बादल्या त्याने आणून ओतल्या. तिसरी ओतताना म्हणाला, “त्यांनी सांगू नको म्हणून शपथ घातली होती, ताई.”

“तू काही सांगितलं नाहीस,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या मागे दार वाजलं तेव्हा ताई जाग्याच होत्या. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. सगळ्या आयुष्यात त्यांनी लोकांना सांगितलं होतं, हलू नका, वाळेपर्यंत हलू नका. ते किती अवघड असतं हे त्यांना त्या सकाळी कळलं. पाय शिवशिवत होते. पांघरूण काढावं, पळत सुटावं. बाहेर एखादा आवाज आला की वाटे, पडले. त्यांनी उशीची कड मुठीत धरली आणि पडदा ओढून धरावा तसं स्वतःला धरून ठेवलं. मग उठल्या, दोन्ही थर्मास भरले आणि निघाल्या.

धुकं होतं. यजमान पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात थापी. थापी कोरडी होती. कठड्याच्या कडेने त्यांची पावलं सबंध उमटली होती, उजवं सुटं, डावं ओढलेलं, उजवं सुटं, डावं ओढलेलं. त्यांनी ती सारवली नव्हती.

“आज कठड्याला लागून केलीस,” ते म्हणाले.

“हो. इकडचा गाळ बरा आहे.”

“हं.”

ताईंनी चहा ओतून त्यांच्या उजव्या हाताशी धरला. त्यांनी थापी कठड्यावर ठेवली आणि कप घेतला.

“रेघ बिघडली गं,” ते हळूच म्हणाले. “किती दिवस बघतोय. मला वाटलं, सरावाने येईल.”

“केव्हापासून?”

“कडाक्याची थंडी पडली तेव्हापासून. सकाळी पाव आणायला निघालो तर डावा बूट सापडेना. बूट पायातच होता.”

ताई वाकल्या आणि पावलं बघू लागल्या, एकेक करून, अगदी कोणा पाहुण्या पक्ष्याची बघावीत तशी.

“कठडा धरलात तिथे ओढ कमी आहे,” त्या म्हणाल्या. “हे बघा. आणि हे.”

“कमी आहे?”

“आहे. डॉक्टरांकडे जायला हवं.”

“तू मला झोपवून ठेवशील.”

“मी बाहेर बाकावर बसेन. आत तुम्ही जा.”

त्यांनी चहा संपवला. धुक्यात गळवाल्याच्या खोकल्याचा आवाज आला. मग यजमान म्हणाले, “तुझं पाणमांजर मी घालवलं.”

“ती फरशी मी भरणार आहे. पाय इथे ठेवा, डावा. गाळ ओला आहे तेवढ्यात.”

“अगं, लहान पोरांना माझा खुरडता पाय दाखवतेस?”

“त्या खोलीत सगळ्यांचाच एक पाय तसा असतो,” ताई म्हणाल्या आणि बादलीत प्लास्टर सोडलं.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत लहानसा झटका येऊन गेलाय, उशीर झालाय, काही भरून येईल, काही नाही. ताई खरंच बाकावर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे सगळा वेळ पाय हलवत. घरी आल्यावर यजमानांनी गोळ्या आपल्या आपण कपाटात लावल्या, सरळ ओळीत. फिरणं बंद झालं नाही. बदललं ते इतकंच की आता ताई मागे राहायला शिकत होत्या. ते त्यांना काही केल्या जमेना. दर थोड्या वेळाने त्या पुढे निघालेल्या असत आणि मग एखाद्या झाडाची साल बघितल्यासारखं करत थांबत.

थंडी ओसरली तेव्हा फरशा हॉस्पिटलात पोहोचल्या. खोली धुऊन ठेवली होती, खाट बाजूला सरकवलेली. नव्या बाईंनी गवंडी बोलावू का म्हणून विचारलं, फरशा लावायला आधी भिंतीवर आडवी रेघ लागेल. ताई काही बोलायच्या आत यजमानांनी खिशातून पेन्सिल काढली.

ते भिंतीपाशी गेले. डावा हात त्यांनी भिंतीला टेकवला, उजव्याने पेन्सिल लावली आणि चालू लागले, खाटेच्या उशापासून पायथ्यापर्यंत, न थांबता. दोरी मागितली नाही. ताईंचा हात दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे आला. पोचल्यावर यजमानांनी मागे वळून बघितलं नाही. रेघ सरळ आली होती. कशाला बघायचं.

खाली जमिनीवर प्लास्टरची भुकटी सांडली होती, पोती उघडताना. त्या भुकटीत त्यांच्या डाव्या बुटाने आपली एक रेघ ओढली होती, भिंतीवरच्या रेघेखाली, तिच्या सोबतीने, जरा वाकडी. नव्या बाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि जमीन पुसायला वाकल्या.

“राहू द्या,” ताई म्हणाल्या. “आधी फरशा लावू.”